देकार्त, ह्यूम, कान्ट आणि गाढ झोप

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षिका आहे. गावच्या वाचनालयात दर रविवारी आम्ही सहा-सात जण जमून काहीतरी जड वाचतो. यंदा ‘मी म्हणजे कोण आणि मला काय कळू शकते’ हा विषय घेतला. देकार्त म्हणतो, मी विचार करतो म्हणून मी आहे. ह्यूम म्हणतो, शोधूनही ‘मी’ सापडत नाही. कान्टच्या ‘शुद्ध बुद्धीच्या चिकित्से’ची चाळीस पाने वाचून सगळ्यांनी हात टेकले. आमच्यातले एक काका तर प्रत्येक वेळी म्हणतात, ‘हे सगळं आपल्या उपनिषदांत आधीच आहे.’ कोणाचे बरोबर? वाचायचे कोणत्या क्रमाने? वाद फार होतात, हाती काही लागत नाही.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

‘कोणाचे बरोबर’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, तुमच्या वादांचे मूळ तिथेच आहे. तिघांची उत्तरे तुम्ही एका रांगेत मांडलीत, पण तिघांनी सोडवायला घेतलेले गणित एक नाही. ज्याबद्दल शंका घेताच येणार नाही असे काहीतरी देकार्तला हवे आहे. ह्यूम विचारतो, ‘मी’ ही कल्पना मनात आली कुठून, तिच्यामागचा अनुभव दाखवा. कान्टची अडचण आणखी निराळी : संवेदना विखुरलेल्या येतात, तरी अनुभव एकसंध असतो, मग तो तसा व्हायला काय असावेच लागते? ज्ञान कशाला म्हणायचे हे प्रत्येकाचे आधी ठरलेले असते आणि त्याला जेवढा लागतो तेवढाच ‘मी’ तो मान्य करतो. म्हणून वाचताना प्रत्येकाला अडवून विचारा : हे तुम्हाला कसे कळले? पाहून, अनुमान करून, आठवून, की ‘हे मानल्याशिवाय चालतच नाही’ म्हणून?

सगळ्यांना एकच कसोटी लावा : स्वप्नही नसलेली गाढ झोप. त्या वेळी ‘मी’ असतो का? हा प्रश्न बाहेरून लादलेला नाही. देकार्त, इंग्रज तत्त्वज्ञ लॉक, ह्यूम, नैयायिक (म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी) आणि वेदान्ती या साऱ्यांनी त्यावर लिहिले आहे आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. न जुळण्याचे कारण शोधायला गेलात की त्यांच्या ज्ञानविषयक मतांपाशीच येऊन पोहोचता.

बारा रविवार धरा. देकार्तला तीन, लॉकला दोन, ह्यूमला दोन, बौद्ध आणि न्याय मिळून एक, कान्टला तीन आणि शेवटचा शंकराचार्यांना. हा क्रम मोडू नका. कान्टची चाळीस पाने गेली ती कान्ट अवघड आहे एवढ्यामुळे नाही. तो ज्यांना उत्तर देतो आहे त्यांचे म्हणणे अजून तुमच्या कानावर नीट पडलेले नव्हते.

देकार्तची ‘चिंतने’ १६४१ साली लॅटिनमध्ये निघाली. सहापैकी पहिली दोन संपूर्ण वाचा आणि सहाव्यातला मन आणि शरीर वेगळे ठरवणारा भाग घ्या. पहिल्या चिंतनावर वाचकाने काही महिने, निदान काही आठवडे तरी घालवावेत अशी खुद्द लेखकाची अपेक्षा होती. तुम्ही एक रविवार द्या, पण तो घाईत उरकू नका. तुम्हाला तिथे ओळखीचे काही भेटेल : २ आणि ३ यांची बेरीज करताना किंवा चौरसाच्या बाजू मोजताना दर वेळी माझी फसगतच होत असेल तर? गणित शिकवलेल्या माणसाला ही शंका बालिश वाटते आणि तो पान उलटतो. इथेच पहिली चूक होते. देकार्तला २ + ३ = ५ खोटे आहे असे म्हणायचे नाही. ‘मला अगदी स्पष्ट दिसते’ एवढ्या आधारावर एखादी गोष्ट खरी धरता येते का, हे त्याला तपासायचे आहे.

ते प्रसिद्ध वाक्य ‘चिंतनां’त त्या रूपात नाहीच. ते १६३७ च्या फ्रेंच ‘पद्धतीविषयीच्या विवेचना’त आहे आणि १६४४ च्या ‘तत्त्वां’मध्ये लॅटिनमध्ये आहे. दुसऱ्या चिंतनात तो म्हणतो ते असे : ‘मी आहे’ हे विधान मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो, तेव्हा तेव्हा ते सत्य असलेच पाहिजे. इथे ‘म्हणून’ नाही. ‘म्हणून’ आले की लोक त्याचे अनुमान करतात : जे जे विचार करते ते ते असते, मी विचार करतो, सबब मी आहे. मग कोणीतरी विचारतो, पहिले विधान कुठून आणले? ‘चिंतनां’सोबत छापलेल्या आक्षेपांना दिलेल्या उत्तरांत देकार्तने हे अनुमान असल्याचे नाकारले आहे. मनाने एका नजरेत ओळखलेली ही गोष्ट आहे, असे त्याचे म्हणणे.

आता वहीत लिहा, इथपर्यंत काय सिद्ध झाले नाही. मी शरीराहून वेगळा आहे हे झालेले नाही. दुसऱ्या चिंतनात तो कबूल करतो की ज्या शरीराला मी सध्या ‘नाही’ धरले आहे, कदाचित तेच मी असेन, आत्ता त्यावर वाद घालत नाही. कालचा मी आणि आजचा मी एकच, हेही झालेले नाही. तो म्हणतो, जितका वेळ मी विचार करतो तितका वेळ मी आहे. विचार थांबला तर कदाचित मीही थांबेन. हाती लागला तो क्षणापुरता ‘मी’. या क्षणापासून सहाव्या चिंतनातल्या स्वतंत्र, अशरीर द्रव्यापर्यंतची (द्रव्य म्हणजे आपल्या बळावर असणारी, गुणांना आधार देणारी वस्तू) उडी ईश्वराच्या आधाराने मारली आहे. ती चौथ्या आक्षेपांत फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ आर्नोने पकडली : जे स्पष्ट दिसते ते खरे, याची हमी ईश्वर देतो, आणि ईश्वर आहे हे कशावरून, तर ते स्पष्ट दिसते म्हणून. हे वर्तुळ तुम्ही फळ्यावर काढा. १६४३ च्या मे महिन्यात बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने पत्राने विचारलेला प्रश्नही त्याच दिवशी घ्या : जागा न व्यापणारा आत्मा शरीराला हलवतो कसा? देकार्तच्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. तुमचेही होणार नाही.

आणि झोप? विचार हेच ज्याचे स्वरूप, ते द्रव्य विचार थांबवू शकत नाही. म्हणून देकार्त म्हणतो, मन गर्भातही विचार करते आणि गाढ झोपेतही, आपल्याला ते आठवत नाही इतकेच. हे त्याला कसे कळले? कळलेले नाही. त्याच्या व्याख्येतून ते निघणे भाग आहे.

लॉक नेमका इथे हल्ला चढवतो. मानवी आकलनावरचा त्याचा ‘निबंध’ १६८९ च्या अखेरीस बाहेर आला, मुखपृष्ठावर १६९० आहे. दुसऱ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणातले १० ते १९ हे छोटे परिच्छेद मोठ्याने वाचा, मजा येईल. झोपेत मी विचार करत होतो आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता, हे तुम्ही मला कशावरून सांगता, असा त्याचा सूर आहे. विचार करणे ही आत्म्याची एक क्रिया आहे, जशी गती ही वस्तूची. वस्तू सतत हलत राहिली पाहिजे असे कुठे आहे? अनुभवाबाहेरचे काही पुढे करून अनुभवावर कुरघोडी करायची नाही, हा लॉकचा नियम.

मग त्याच खंडाचे २७ वे प्रकरण. ते पहिल्या आवृत्तीत नव्हते, १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळा घोळ होतो : द्रव्य, माणूस नावाचा जिवंत देह, आणि व्यक्ती. लॉकच्या मते व्यक्ती एकच राहते ती जाणिवेच्या धाग्याने. भूतकाळातले कृत्य ‘हे मी केले’ या जाणिवेने माझ्यापर्यंत पोहोचते, तिथवर मी आहे. राजपुत्राची स्मृती चांभाराच्या देहात गेली तर माणूस चांभारच दिसेल, पण व्यक्ती राजपुत्र. ही करमणुकीची कथा समजू नका. व्यक्ती हा न्यायनिवाड्याचा शब्द आहे असे लॉक स्पष्ट म्हणतो : शिक्षा कोणाला, बक्षीस कोणाला. दारूच्या नशेतले कृत्य आठवत नसूनही कायदा शिक्षा का करतो, याचेही उत्तर त्याने दिले आहे. खरे विसरलेला आणि विसरल्याचे सोंग घेणारा यांत न्यायालयाला फरक करता येत नाही.

यावरचा स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडचा १७८५ चा आक्षेप तुमच्या हक्काचा आहे. लहानपणी बाग लुटल्याबद्दल मार खाल्लेला मुलगा, पहिल्याच मोहिमेत शत्रूचे निशाण हिसकावणारा अधिकारी, आणि म्हातारपणीचा सेनापती. अधिकाऱ्याला मार आठवतो. सेनापतीला निशाण आठवते, मार आठवत नाही. एकत्व हा संक्रामक संबंध आहे (अ म्हणजे ब आणि ब म्हणजे क, तर अ म्हणजे क), आठवण हा नाही, तेव्हा आठवण म्हणजे एकत्व असू शकत नाही. एवढे पाऊल घरून लिहून आणायला सांगा. दुरुस्ती गटातल्या कोणाला सुचते का पाहा : थेट आठवणीऐवजी आठवणींची एकात एक अडकलेली साखळी घेतली तर रीडचा आक्षेप उरत नाही. इंग्रज धर्मोपदेशक बटलरचा १७३६ चा आक्षेप मात्र शिल्लक राहतो. ‘मला आठवते’ याचा अर्थच ‘जे मी अनुभवले ते आठवते’ असा असेल, तर एकत्व आठवणीवर उभे करताना तुम्ही ते आधीच वापरलेत.

ह्यूमकडे येऊ. त्याच्या ‘मानवी स्वभावावरील ग्रंथा’चे पहिले दोन खंड १७३९ मध्ये आले. पहिल्या खंडाच्या चौथ्या भागातला सहावा विभाग हा तुमचा मजकूर, जेमतेम दहा-बारा पानांचा. पण त्याआधी त्याच खंडाच्या अगदी सुरुवातीचा, संस्कार (म्हणजे इंद्रियांना किंवा मनाला थेट होणारी जाणीव) आणि कल्पना यांवरचा विभाग वाचलाच पाहिजे, नाहीतर ह्यूम नुसता विक्षिप्त वाटतो. तिथे नियम घालून दिला आहे : प्रत्येक साधी कल्पना ही आधी घडलेल्या जिवंत संस्काराची फिकी प्रत असते. एखाद्या कल्पनेबद्दल संशय आला तर तिचा मूळ संस्कार दाखवा. नाही दाखवता आला तर ती कल्पना पोकळ.

हा नियम ‘मी’ला लावला की काम आपोआप होते. जन्मभर तोच राहणारा ‘मी’ हवा तर जन्मभर न बदलणारा संस्कार हवा. आत डोकावले की दिसते काय? उष्णता, गारवा, उजेड, सावली, प्रेम, राग, सुख, दुःख. प्रत्येक येतो आणि जातो. त्यांच्याखेरीज ‘मी’ असा वेगळा हाती लागत नाही. म्हणून ‘मी’ म्हणजे प्रचंड वेगाने एकामागून एक येणाऱ्या प्रत्ययांचा समूह. मनाला तो रंगभूमीची उपमा देतो आणि लगेच बजावतो की नाटक चालते ती जागाही आपल्याला ठाऊक नाही, फक्त येणारी-जाणारी दृश्ये आहेत. झोपेबद्दल तो देकार्त आणि लॉक दोघांपेक्षा पुढे जातो : गाढ झोपेत माझे प्रत्यय नसतात, तेवढा काळ मी नाही असेच खरोखर म्हणता येईल. त्याच्या नियमातून दुसरे काही निघूच शकत नाही.

या रविवारी हमखास कोणीतरी विजयी सुरात म्हणेल, ‘पण आत डोकावणारा कोण?’ आक्षेप चांगला आहे, पण एवढ्यावर खेळ संपत नाही. ह्यूम म्हणेल, डोकावणे हाही एक प्रत्यय, त्यामागचा वेगळा डोकावणारा मला दाखवा. तुम्ही दाखवू शकत नाही. फार तर ‘तो असलाच पाहिजे’ म्हणू शकता, आणि तसे म्हटलेत की तुम्ही पाहण्यावरून अनुमानावर आलात. वहीत ही जागा खूण करून ठेवा, पुढचे चार रविवार तिथूनच जातात.

ह्यूमची दुसरी बाजू बहुतेक गट वाचत नाहीत. ‘मी’ सापडत नाही, तर सगळे जग त्यावर विश्वास का ठेवते, याचे स्पष्टीकरण त्याने त्याच विभागात दिले आहे : प्रत्ययांमधले सारखेपण, कार्यकारणाची जोडणी, आणि या दोन्ही पुरवणारी स्मृती. मन एका प्रत्ययावरून दुसऱ्यावर इतके अलगद घसरते की मधली फट दिसत नाही. १७४० च्या तिसऱ्या खंडाला जोडलेल्या परिशिष्टात तो पुन्हा या विषयाकडे येतो आणि सांगतो की दोन तत्त्वे मला सोडताही येत नाहीत आणि त्यांचा मेळही घालता येत नाही. प्रत्येक प्रत्यय हे स्वतंत्र अस्तित्व आहे, आणि स्वतंत्र अस्तित्वांमध्ये मनाला खरा दुवा कधीच दिसत नाही. मग समूहाला समूह कोण करते? माझ्या मते संपूर्ण यादीत याहून प्रामाणिक पान दुसरे नाही. ते मूळ विभागानंतर लगेच वाचा, महिनाभराने नको.

आता एक रविवार आपल्याकडचा, आणि तो मुद्दाम ह्यूमनंतर ठेवला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला नागसेन आणि ग्रीक राजा मिलिंद यांचा रथाचा संवाद घ्या. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, सगळ्यांहून निराळा असा रथ नाही, तसाच नागसेन. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार (ह्यूमचा नव्हे), विज्ञान हे पाच स्कंध म्हणजे घटकांचे गट आहेत, त्यांचा मालक नाही. निष्कर्ष ह्यूमच्या इतका जवळ आहे की गट खूश होऊन थांबतो. थांबू नका. ह्यूमला एका समजुतीचा उगम सांगायचा आहे आणि ती समजूत जाईल अशी त्याची अपेक्षाही नाही. बौद्धांना ती घालवायची आहे, कारण त्यांच्या मते दुःखाचे मूळ तिथे आहे. शिवाय प्रत्ययांना जोडणाऱ्या दुव्याची जी अडचण ह्यूमला परिशिष्टात छळते, तिच्यावर बौद्ध आचार्य वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’च्या शेवटच्या, नवव्या भागात उत्तर दिले आहे. एकाच संतानातला, म्हणजे क्षणांच्या प्रवाहातला, आधीचा क्षण पुढच्या क्षणाला घडवतो, त्यामुळे आठवण होते. आठवणारा एक पदार्थ लागत नाही.

यावर नैयायिक उठतात. न्यायसूत्र ३.१.१ : ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’. जे मी डोळ्यांनी पाहिले तेच आता हाताने चाचपतो आहे, असे आपल्याला कळते. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग कळत नाही. दोन्ही एकाच वस्तूचे आहेत हे ओळखणारा तिसरा हवा. १.१.१० मध्ये इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे म्हणून दिली आहेत. लिंग म्हणजे अनुमानाची खूण, धुरावरून अग्नी कळतो तसे. इथे आत्मा ठरतो तो अनुमानाने आणि तो एक द्रव्य आहे. गमतीचा भाग झोपेचा. न्यायमतात गाढ झोपेत आत्मा शाबूत असतो, पण ज्ञान नसते, कारण त्या वेळी मनाचा आवश्यक तो संयोगच होत नाही. ज्ञान हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण आहे, स्वरूप नाही. हे लॉकच्या गती आणि वस्तूच्या दृष्टान्ताशी ताडून पाहा. काकांना इथे नक्की काम मिळेल.

कान्टची ‘चिकित्सा’ पहिल्या पानापासून सलग वाचायची नसते, निदान पहिल्या खेपेस नाही. पुस्तक १७८१ मध्ये आले, दुर्बोध म्हणून तक्रार झाली, तेव्हा १७८३ मध्ये त्याने ‘प्रस्तावना’ नावाचे छोटे पुस्तक काढले. पहिला रविवार त्याच्या प्रास्ताविकाला आणि पहिल्या पाच कलमांना द्या. ह्यूमने आपल्याला झोपेतून जागे केले, हे प्रसिद्ध विधान त्या प्रास्ताविकात आहे. दुसऱ्या कलमात ७ + ५ = १२ आहे. सात, पाच आणि मिळवणे या तीन कल्पनांचे कितीही पृथक्करण केले तरी त्यांत बारा सापडत नाही, बारा गाठायला बोटे किंवा ठिपके असे काहीतरी समोर घ्यावे लागते, असे त्याचे म्हणणे. तरीही ते विधान अनुभवावर अवलंबून नाही. तुम्ही याच्याशी असहमत असाल, पुष्कळ गणिती असहमत आहेत, पण तो मुद्दा पुढच्या सगळ्याचा पाया आहे. ज्ञानाची काही चौकट अनुभवातून येत नाही, अनुभवच तिच्यात बसून येतो.

दुसऱ्या रविवारी ‘चिकित्सा’ उघडा. १७८१ आणि १७८७ या दोन आवृत्त्यांची पाने समासात ए आणि बी अशी छापलेली असतात. इंग्रजीतून वाचणार असाल तर दोन्ही मजकूर देणारे भाषांतर घ्या, नॉर्मन केम्प स्मिथचे १९२९ चे चालेल. वाचायची फक्त बी १२९ ते बी १४० ही पाने, म्हणजे कलमे १५ ते १८. बी १३१ वर ते वाक्य आहे : ‘मी विचार करतो’ हे माझ्या सर्व प्रत्ययांच्या सोबत येऊ शकलेच पाहिजे. ‘येऊ शकले पाहिजे’ यावर पेन्सिलीने रेघ मारा. ते सतत सोबत असते असे कान्ट म्हणत नाही. झोपेच्या कसोटीला त्याचे उत्तर इथून काढून घ्यावे लागते : जो प्रत्यय मला कधीच ‘माझा’ म्हणता येणार नाही, तो माझ्यासाठी शून्यवत. रात्रभर ‘मी’ जागा होता का, हा प्रश्न या मताला लागूच होत नाही.

एक प्रयोग करा. सात शब्दांचे एक वाक्य घ्या, सात चिठ्ठ्या करा, प्रत्येकाने एकच शब्द वाचायचा, कोणी कोणाला दाखवायचा नाही. सातही शब्द खोलीत आहेत, वाक्य कोणाच्याही मनात नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये बारा माणसे आणि बारा शब्द घेऊन हेच मांडले. त्याच्या शंभरेक वर्षे आधी कान्टने ए ३५२ वर कवितेच्या ओळीतले शब्द हे उदाहरण घेतले आहे. विचार एक व्हायचा तर विचार करणारा एक हवा. नैयायिकाच्या पाहणाऱ्या-स्पर्श करणाऱ्याचीच ही जात.

कान्ट मात्र हे उदाहरण आणतो ते त्यातून निघणारा निष्कर्ष मोडायला. तिसऱ्या रविवारी ए ३४८ पासूनची काही पाने आणि बी ४०६ पासूनची काही पाने वाचा. तो म्हणतो, विचाराला एकत्व लागते हे मान्य. त्यावरून विचार करणारे द्रव्य एक, साधे आणि अविनाशी आहे हे कुठे निघते? ए ३६३ च्या तळटीपेत त्याने रबरी गोट्यांसारख्या लवचीक गोळ्यांची रांग घेतली आहे. एक गोळा दुसऱ्यावर आपटतो आणि आपली सगळी गती त्याला देऊन टाकतो. तशीच द्रव्यांची रांग कल्पून, प्रत्येकाने आपल्या सगळ्या अवस्था जाणिवेसकट पुढच्याला दिल्या तर शेवटच्याला वाटेल की हे सगळे माझेच. तरी तो पहिला नसेल. ही टीप अख्ख्या गटाने दोनदा वाचावी. जाणिवेच्या सलगपणावरून द्रव्य काढणाऱ्या प्रत्येक अनुमानाला, देकार्तच्या आणि न्यायाच्याही, ती भिडते. आणि बी १५७ वर तो म्हणतो, या जाणिवेत मला मी जसा दिसतो तसाही कळत नाही, जसा आहे तसाही कळत नाही, मी आहे एवढेच कळते. ह्यूमनंतर खूण करून ठेवलेल्या जागी परत या : ‘असलाच पाहिजे’ याचा अर्थ ‘अशी वस्तू आहे’ असा घ्यायचा की ‘याशिवाय ज्ञान संभवत नाही’ असा? नैयायिक पहिला घेतो, कान्ट दुसरा.

बाकीची ‘चिकित्सा’ यंदा मिटून ठेवा.

काकांबद्दल. त्यांना गप्प करू नका, पुरावा आणायला सांगा. अट एकच : निष्कर्ष नको, युक्तिवाद हवा, आणि कोणत्या ग्रंथात कुठे तेही. ‘मी आहे याविषयी कोणालाच शंका नाही’ हे ब्रह्मसूत्र १.१.१ वरच्या शांकरभाष्यात खरोखर आहे : सर्वांना आत्म्याच्या अस्तित्वाची प्रतीती असते, ‘मी नाही’ अशी कोणालाच नसते. २.३.७ वर शंकराचार्य म्हणतात, जो आत्मा नाकारतो, त्याचे स्वरूपच तो आत्मा आहे. इथवर देकार्त शेजारी बसतो. पुढचे पाऊल मात्र उलट दिशेला. देकार्तला या खात्रीवर जगाच्या ज्ञानाची इमारत उभारायची आहे. शंकराचार्य अध्यासभाष्यात, म्हणजे त्याच भाष्याच्या प्रस्तावनेत, सांगतात की प्रत्यक्षादी प्रमाणे (ज्ञानाची साधने) आणि शास्त्रेसुद्धा अविद्येच्या कक्षेतली आहेत. देकार्तचा ‘मी’ शंका घेतो, ठरवतो, कल्पना करतो. अद्वैतात ही सगळी अंतःकरणाची कामे आहेत, आत्मा फक्त साक्षी. त्यामुळे दोघांचा ‘मी’ एकच धरला की दोन्ही चुकतात. ‘विज्ञातारमरे केन विजानीयात्’, जाणणाऱ्याला कशाने जाणायचे, हा बृहदारण्यकाचा प्रश्न ह्यूमच्या शोधाशेजारी जरूर ठेवा. ह्यूमला न सापडण्याचे कारण वेदान्ती वेगळे देईल, एवढे नोंदवा.

झोपेवर वेदान्ती आणि नैयायिक यांचे भांडण हे शेवटच्या रविवारचे मुख्य काम. उठल्यावर माणूस म्हणतो, ‘छान झोप लागली, काही कळले नाही.’ वेदान्ती म्हणतो, ही आठवण आहे. आठवण अनुभवाशिवाय होत नाही, म्हणजे ‘काही नाही’ हे अनुभवणारा साक्षी झोपेत जागा होता. नैयायिक म्हणतो, आठवण कसली, हे अनुमान आहे : अंग हलके आहे, मधल्या वेळचे काही आठवत नाही, तेव्हा झोप चांगली झाली असणार. दोघांसमोर माणूस तोच, वाक्य तेच. फरक पडतो तो त्या वाक्याला कोणत्या प्रमाणाच्या खात्यात टाकायचे यावर, आणि तेवढ्यावरून आत्म्याचे स्वरूप बदलते. काकांना वेदान्ती करा आणि नैयायिकाची बाजू तुम्ही घ्या. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तले अज्ञानखंडनाचे सातवे प्रकरण त्यांनी आणले तर आणू द्या. अज्ञान आहे हे तरी कशाने कळले, असा प्रश्न तिथे विचारला आहे आणि तो वेदान्त्यालाही अवघड जातो.

बैठकीचे काही. नव्वद मिनिटांत चार-पाच पानांच्या पुढे जाऊ नका. दर वेळी एकाने लेखकाचा वकील व्हायचे, त्याला स्वतःचे मत मांडायला मनाई; एकाने पूर्वपक्ष करायचा, म्हणजे आक्षेप घ्यायचे. वहीत त्या दिवसाच्या मजकुरातला एकच युक्तिवाद क्रमांक घालून विधानांत मांडा आणि कोणते विधान नाकारले की तो कोसळतो तिथे फुली मारा. ‘मला ध्यानात असं जाणवलं’ हे वाक्य आले तर ते मोडीत काढू नका, त्यालाही तोच प्रश्न : जाणवले ते प्रत्यक्ष, की जाणवल्यावर केलेले अनुमान? ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ हे वाक्य मात्र बारा रविवार बंद. ज्याला ते म्हणायचे असेल त्याने आधी झोपेवरची पाच उत्तरे तोंडी सांगावीत.

पारिभाषिक शब्दांना अडलात तर देवीदास दत्तात्रेय वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान-महाकोश जिल्हा ग्रंथालयात पाहा. देकार्त, लॉक आणि ह्यूम यांचे इंग्रजी जुने म्हणून जड जाते. जोनाथन बेनेट यांनी सोप्या इंग्रजीत बसवलेले पाठ इंटरनेटवर मोफत मिळतात, ते छापून घ्या. कान्टला आधी मराठीतून एखादा परिचय वाचलात तरी बी १३१ ते बी १३६ मूळ भाषांतरातूनच वाचा, परिचयांत नेमके ‘येऊ शकले पाहिजे’ हेच गळते. आणि हेगेल कोणी सुचवलाच, तर त्याला पुढच्या वर्षीची तारीख द्या.